फुकटची ऊब

गिरीश उमरेडकर बॉयलर दुरुस्त करतो. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये गेली नऊ वर्षं करतो, आणि नऊ वर्षांत त्याला बॉयलरचा कधी कंटाळा आला नाही. कंटाळा म्हणा, वीट म्हणा, शिसारी म्हणा, जी काय आली ती माणसांची.

मूळचा नागपूरचा. तिकडे वीज केंद्रात होता, दहा मजली उंच बॉयलरवर शिफ्ट करायचा. बायको अक्षया नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर हाही आला. पहिलं वर्ष गोडाऊनमध्ये खोकी भरली, मग गॅसच्या परीक्षा दिल्या, गॅस इंजिनीअरचं कार्ड मिळवलं, एक सेकंडहँड व्हॅन घेतली. दहा मजल्यांवरून थेट किचनच्या कपाटातल्या, घर तापवणाऱ्या बॉयलरवर आलो, याचा कमीपणा त्याला कधी वाटला नाही. आग ती आग, लहान असो की मोठी, असं तो म्हणायचा.

पण या धंद्यातली मेख त्याला पहिल्याच हिवाळ्यात कळली. ज्या घरात तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शिरलात, त्या घरात त्यानंतर जे म्हणून बिघडेल ते तुम्हीच बिघडवलेलं असतं. लँग्लीच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने सर्व्हिसिंगनंतर आठ दिवसांनी फोन करून सांगितलं, तू येऊन गेल्यापासून माझ्या वरच्या बाथरूमचं दार लागत नाही. दार! बॉयलर खाली, दार वर. दुसऱ्या एकाचं वायफाय गेलं. आणि खरोखरचा दोष सापडला तर मग विचारूच नका. नळी सडलेली दाखवा, तर म्हणणार काल तर ठीक होती. पंखा अडकलेला दाखवा, तर म्हणणार तूच हात लावलास. डॉक्टरने रक्त तपासलं आणि साखर निघाली, तर कोणी डॉक्टरला म्हणतं का, की तूच घातलीस म्हणून? बॉयलरवाल्याला म्हणतात, आणि वर त्याच्या चहाच्या कपाकडे असं बघतात, जसा तो कपही चोरून नेईल.

गोऱ्यांचं तरी बरं. ते थंड आवाजात तक्रार करतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावतात. आपल्या लोकांचं तसं नाही. आपल्या लोकांचा ‘स्लाऊ मराठी कट्टा’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तीनशे बारा माणसांचा, आणि गिरीशची निम्मी कामं त्या ग्रुपवरून येतात. तिथे त्याची ओळख म्हणजे ‘आपला माणूस’. आपला माणूस म्हणजे रविवारी बोलावता येतो. आपला माणूस म्हणजे तो नियम वगैरे सांगत बसत नाही, समजून घेतो.

पुष्कर देवधरनेही फोनवर हेच सांगितलं होतं. “गिरीशभाऊ, तुम्ही आपले, म्हणून निवांत. दिवाळीच्या आत सर्व्हिसिंग उरकून द्या. आई आलीय पुण्याहून सहा महिन्यांसाठी, तिला थंडी सोसत नाही.”

ऑक्टोबरातला सोमवार होता तो, दिवाळीला आठवडा राहिलेला. पुष्कर लंडनच्या एका बँकेत कसलातरी डायरेक्टर, सोमवारी घरून काम करायचा. बायको श्रद्धाही आयटीत, तीही त्या दिवशी घरीच. घर छान, सोफे पांढरे, दारातच बूट काढायला लावणारं. आणि घराच्या मागे, किचनच्या भिंतीला चिकटून, शेड.

ही शेड आपल्या लोकांच्या घरांमागे इथे सर्रास दिसते. बाजूने काचा, वर पारदर्शक प्लास्टिकचं छप्पर, आत दोन इलेक्ट्रिक शेगड्या आणि एक ओटा. मासे, फोडण्या, तळण, सगळं तिथे. पांढऱ्या सोफ्यांना वास लागायला नको, ऑफिसच्या कोटाला नको, शेजारची बाई नाक मुरडायला नको. त्यात काही वाईट नाही. गिरीशच्या घरी जागा असती तर अक्षयाने त्यालाही बांधायला लावली असती.

पण शेडचं दार उघडून गिरीश आत पाऊल ठेवतो तोच थबकला. किचनच्या भिंतीतून बॉयलरचा फ्लू, म्हणजे जळलेला गॅस बाहेर टाकणारं धुराडं, डोक्याच्या वर हातभर उंचीवर आलं होतं. कधीकाळी ते मोकळ्या अंगणात निघत असणार. आता ते या बंद खोलीत निघत होतं. त्याच्या पांढऱ्या तोंडातून वाफ येत होती, आणि बरोबर त्याच्याखाली एका ताटात बटाट्याचा कीस वाळत घातलेला होता. शेजारच्या स्टुलावर पुष्करची आई, सुमनकाकू, मांडीवर परात घेऊन भाजणी चाळत बसल्या होत्या.

“बघितलंत?” पुष्कर मागून आला, चेहऱ्यावर कौतुक. “जानेवारीतसुद्धा इथे स्वेटर लागत नाही. एकही रेडिएटर नाही लावलेला. फुकटची ऊब! बिल्डर म्हणत होता फ्लू वर न्यायला लागेल, छप्पर कापायला लागेल. मी म्हटलं, राहू दे रे बाबा, गरम हवा बाहेर कशाला घालवायची?”

आता बोला! आयआयटीचा माणूस हो हा.

गिरीशने खिशातून गॅस मोजायचं मीटर काढून हवेत धरलं. आकडा चढायला लागला आणि थांबेचना. त्याने अंगणाचं दार सताड उघडलं, काकूंच्या हातातली परात काढून घेतली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

“अरे, अरे, भाजणी सांडेल,” काकू म्हणाल्या.

“काकू, डोकं दुखतं का तुमचं?”

“दुखतं तर! आल्यापासून दुखतंय. शनिवारी देवळात गेले होते ना सगळ्यांबरोबर, तेवढ्यापुरतं थांबलं होतं बघ. इथली थंडी बाधते मला.”

“आईला मायग्रेन आहे,” पुष्कर दारातून म्हणाला.

“मला कुठलं आलंय मायग्रेन,” काकू पुटपुटल्या, पण लेकाकडे बघून गप्प झाल्या.

“कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना घरात?” गिरीशने विचारलं.

श्रद्धाने ड्रॉवरमधून काढून दाखवला. सेल नसलेला. “आई तळायला बसल्या की नुसता बोंबलायचा हो. फोडणीने. म्हणून सेल काढून ठेवले.”

“श्रद्धाताई, फोडणीने वाजतो तो धुराचा अलार्म, छतावरचा. हा फोडणीने वाजत नाही. हा वाजत होता म्हणजे इथे विष साचत होतं. वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकेदुखी, मग उलट्या, मग झोप. त्या झोपेतून उठत नाहीत लोक.”

इतकं स्वच्छ मराठीत सांगितलं त्याने. आणखी काय सांगायचं असतं? बॉयलर बंद केला, गॅस तोडून टोपण बसवलं, लाल लेबल चिकटवलं: धोकादायक, वापरू नये. फ्लू छपराबाहेर काढल्याशिवाय कोणालाही चालू करता येणार नाही, असं सांगून पुष्करपुढे सहीसाठी कागद धरला.

आणि पुष्करचं ‘तुम्ही’ गळून पडलं.

“हे काय लावलंयस तू? पाच वर्षं चालला हा बॉयलर. पाच वर्षं! तू अर्धा तास हात लावलास आणि बंद?”

“चालत होता म्हणजे बरोबर होता असं नाही, सर.”

“मी तुला सर्व्हिसिंगला बोलावलं होतं, इन्स्पेक्शनला नाही. दोष काढत बसायला कोणी सांगितलं होतं? दिवाळी तोंडावर, घरात म्हातारी आई, आणि गरम पाणी नाही! तिला काही झालं तर जबाबदार कोण? तू?” मग एकदम आवाज खाली आणून, जवळ येऊन, “हे बघ, आपलाच माणूस ना तू? लेबल काढ. दिवाळी झाली की मी करून घेतो सगळं. कोणाला कळतंय?”

गिरीशने कागद तसाच धरून ठेवला. पुष्करने फाडल्यासारखी सही केली. चहाचं कोणी विचारलं नाही, उलट दारात बूट घालताना श्रद्धा म्हणाली, “तुम्ही सेन्सिबल असाल असं वाटलं होतं.” काकू अंगणात शाल लपेटून उभ्या होत्या. त्यांनी हळूच हात वर केला, निरोपाचा.

व्हॅनमध्ये बसल्यावर गिरीशने एक सणसणीत शिवी हासडली, नागपुरी. मग पुढच्या कामाला गेला.

गुरुवारी दुपारी कारखान्यांच्या ट्रेडिंग इस्टेटजवळ व्हॅन लावून तो डबा खात होता, तेव्हा कट्ट्यावर फोटो आला. सुमनकाकू शेडमध्ये स्टुलावर, हातात सोऱ्या, समोर कढई, ताटात सोनेरी चकल्यांची चळत. खाली पुष्करने लिहिलं होतं, ‘बॉयलर इज बॅक! वीस मिनिटांत काम. काही लोक उगाच घाबरवून धंदा वाढवतात. खऱ्या प्रोफेशनलचा नंबर हवा असेल तर पर्सनलवर विचारा. वेम्बलीहून येतो, नो ड्रामा.’

काकूंच्या डोक्यावर, छपराखाली, फ्लूचं ते पांढरं तोंड तिथेच होतं. तसंच. वाफ सोडत.

फोटो जुना म्हणावा तर छपराला दिवाळीची लाइटिंग लावलेली, जी सोमवारी नव्हती. काचा सगळ्या बंद. म्हणजे कोणीतरी कार्ड-बिर्ड नसलेला इसम आला, लेबल उपटलं, टोपण काढलं, गॅस जोडला आणि गेला. अशा वेळी काय करायचं हे गिरीशला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. गॅसच्या इमर्जन्सी नंबरवर फोन. दोन मिनिटांचं काम. त्यांची माणसं तासाभरात येतात आणि घरमालक कितीही नाचला तरी गॅस तोडतात.

त्याने नंबर काढला. आणि मग फोटोखाली बघितलं. सव्वीस अंगठे. ‘वा काकू!’ ‘नंबर द्या पुष्कर.’ ‘आम्हालाही मागच्या वर्षी असाच घाबरवला होता.’ हे शेवटचं लिहिणाऱ्या शशीच्या घरी गिरीशने गॅसची गळती शोधून दिली होती, मुलांच्या खोलीखालची. पुढच्या आठवड्यात ग्रुपमधली आठ कामं होती. दिवाळीच्या तोंडावर गिरीशने पुष्करच्या घरी गॅसवाले पाठवले हे कळलं, तर आठातलं एकही उरलं नसतं.

त्याने इमर्जन्सीऐवजी पुष्करला फोन लावला.

“फ्लू वर नेला का?”

“नेला असेल. सर्टिफाइड माणूस आहे तो. तू आता जेलस होऊ नकोस, प्लीज.” फोन कट.

नेला असेल! समोर फोटो दिसतोय, आणि तरी गिरीशने तो ‘असेल’ धरला. डबा बंद केला, व्हॅन सुरू केली, पुढच्या घरी गेला. शुक्रवारी तीन बॉयलर उघडले, साफ केले, तिन्ही घरांत फ्लू दोनदोनदा तपासला. कट्टा उघडला नाही. अक्षयाला फोटोबद्दल काही बोलला नाही. ती विचारत होती जेवण का जात नाही, तर म्हणाला, ॲसिडिटी.

शनिवारी सकाळी भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये कट्ट्यावरच्या सगळ्या बायका फराळाला जमणार होत्या. नऊ वाजता कट्ट्यावर श्रद्धाचा मेसेज आला: ‘आम्ही येत नाही. आईंना रात्रीपासून उलट्या आणि चक्कर. थंडी बाधली. झोपून आहेत, उठवलं तरी उठत नाहीत.’

अक्षयाने तो मोठ्याने वाचला. गिरीशने गॅसचा इमर्जन्सी नंबर फिरवला, पत्ता सांगितला, आवाज फाटेपर्यंत सांगितला. तोवर अक्षयाने, गिरीशने घरी सांगितलेली सोमवारची गोष्ट आणि कट्ट्यावरचा फोटो, यांची सांगड घातली होती. नर्सच ती. तिने श्रद्धाला फोन लावून नुसत्या आज्ञा सोडल्या. “थंडी नाही ती. बॉयलर बंद कर. दारं-खिडक्या उघड. आईंना उचलून बाहेर काढा, आत्ता, फोन चालू ठेव. पुष्करला अँब्युलन्सला फोन करायला सांग.”

मग फोन खाली ठेवून तिने नवऱ्याकडे बघितलं. “हा फोटो गुरुवारचा आहे. तू कधी बघितलास?”

“आत्ता,” गिरीश म्हणाला.

किती सहज आलं तोंडातून! जसं त्या पुष्करचं यायचं.

काकू वाचल्या. दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या, शुद्धीवर यायला शनिवारची संध्याकाळ झाली, पण वाचल्या. गॅसवाल्यांनी घराचं गॅसचं मीटरच बंद करून टाकलं.

आणि रविवारी दुपारी पुष्करचा फोन आला. आभाराचा असेल असं वाटावं ना? कुठलं काय!

“तुला माहीत होतं ना हे सगळं? मग नीट सांगायला काय झालं होतं? इतकं सीरियस आहे हे तू क्लिअरली सांगितलंच नाहीस. माझी आई जाता जाता राहिली, गिरीश. प्रोफेशनल म्हणवतोस स्वतःला!”

सोमवारी दोष सापडला तर दोष गिरीशचा, शनिवारी खरा ठरला तरी दोष गिरीशचाच. या माणसाच्या घरातली भिंत उद्या पडली तर ती ज्याने पडेल म्हणून सांगितलं त्याने पाडली, असंच हा म्हणणार. फोन ठेवल्यावर गिरीशला हात धुवावेसे वाटले. त्याने खरंच धुतले.

कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत पुष्करचं लांबलचक निवेदन झळकलं. ‘आमच्या प्रसंगावधानामुळे आई सुखरूप. अलार्ममध्ये सेल घाला, मित्रांनो. आणि इंजिनीअर निवडताना काळजी घ्या, काही जण धोका दिसूनही नीट समजावून सांगत नाहीत.’ खाली नमस्कारांची रांग. ‘ग्रेट अवेअरनेस, पुष्कर!’ शशीने गुलाबाचं फूल टाकलं होतं. आठापैकी पाच कामं दोन दिवसांत रद्द झाली. म्हणजे ज्यांना जपायला तो गुरुवारी गप्प बसला, ती तशीही गेली.

अक्षयाचं डोकं फिरलं. “त्याच्या सहीचा कागद आहे ना तुझ्याकडे? टाक ग्रुपवर. सोमवारची तारीख, लाल अक्षरांत धोका. बघू दे तीनशे बारा जणांना.”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय? शी! असल्या माणसाला जाऊ दे?”

“जाऊ दे म्हटलं ना!” गिरीश ओरडला. तिला काय सांगणार? कागद टाकला की तारखा निघतील. सोमवार निघाला की गुरुवार निघेल. पुष्करला फोन केला होता गुरुवारी, त्याची नोंद पुष्करच्या मोबाइलमध्ये आहेच. मग कोणीतरी विचारेल, उमरेडकर, तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं, तर गॅसवाल्यांना शनिवारी का कळवलंत? पुष्करची किळस येणं सोपं होतं. ती तर आठवडाभर येतच होती. पण आरशासमोर दाढी करताना जी यायला लागली, तिचं काय करायचं हे त्याला कळेना.

भाऊबीजेच्या दिवशी, दुपारी, पुण्याच्या नंबरवरून फोन आला. सुमनकाकू. आवाज बारीक झाला होता.

“गिरीश, अरे, पुष्कर ऑफिसला गेलाय म्हणून केला. माझा नंबर भारतातला आहे, तुला दिसला असेल. ऐक. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं सांगितलं. आणखी तासभर गेला असता तर मी नव्हते. तू लगेच फोन केलास म्हणून आहे. पुष्कर काय बोलतो, काय लिहितो, ते मला कळतं रे. सोमवारी तो तुला बोलला तेव्हाही मी ऐकत होते. मी गप्प बसले. लेकाच्या घरी राहायचं म्हणजे गप्प बसायचं, असं झालंय माझं. तेवढं माफ कर बाबा.”

गिरीश हेझच्या एका घराबाहेर व्हॅनमध्ये बसला होता. “हो काकू, तब्येतीला जपा,” एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. त्याने तोंड उघडलंही त्यासाठीच.

“लगेच नाही केला, काकू.”

“काय?”

“फोटो मी गुरुवारी दुपारी पाहिला होता. फ्लू दिसत होता त्यात. फोन शनिवारी केला.”

“का रे?” काकूंनी विचारलं.

“ग्रुपमधली कामं जातील म्हणून.”

गिरीशला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटलं.

“गुरुवार, शुक्रवार,” काकू सावकाश म्हणाल्या. “ते दोन दिवस मी तिथेच बसून होते. पाच किलो चकली केली. डोकं फुटत होतं, पण सगळ्यांना पुरायला हवी ना. त्यातला एक डबा तुझ्यासाठी वेगळा भरून ठेवला होता. पुष्कर तुला तसं बोलला, चहासुद्धा विचारला नाही, म्हणून.”

गिरीशने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“डबा इथेच आहे,” त्या म्हणाल्या. “न्यायचा तर ने.” आणि त्यांनी फोन ठेवला.